मामांच्या जहाजावर गंज टिकत नाही

आधीच सांगते, म्हणजे कमेंटमध्ये कुणी वेळ घालवायला नको... माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता, आजही नाही, आणि हे लिहून झाल्यावरही नसणार. आमच्या घरात देव्हारा नाही, अंगारा नाही, दारावर लिंबू-मिरची नाही. शिरूरला आमच्या विहारात बायकांना गोळा करून बुवाबाजीवर तावातावानं बोलणारी जी बाई आहे ना, ती मीच. तेव्हा "ताई, एकदा शांत करून घ्या" असले सल्ले आपापल्या घरी ठेवा.

मी रांजणगाव एमआयडीसीत एका कंपनीच्या पेंट शॉपला आहे, क्वालिटीमध्ये. रंग कशानं धरतो आणि कशानं सुटतो, हेच बघायचा पगार घेते. घरी मात्र मला एक नाद आहे — प्लास्टिकच्या जुन्या युद्धनौकांचा. कुणीतरी हौसेनं जोडलेली, मग माळ्यावर टाकलेली, डोलकाठी मोडलेली अशी मॉडेलं मी नीट करते. ब्रेक ऑइलमध्ये बुडवून जुना रंग उतरवायचा, फटी पुट्टीनं भरायच्या, सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला लागून येतात तिचा तुकडा मेणबत्तीवर धरून ताणायचा की केसासारखा धागा निघतो, त्याचे कठडे करायचे. नातेवाईक म्हणतात, "या वयात खेळणी खेळती." खेळते! तुमच्या पोटात का दुखतं?

दौंडला माझे मामा होते. नेव्हीत सेलर. रिटायर होऊन आले तेव्हा परदेशातल्या कुठल्या तरी बंदरात घेतलेलं एका फ्रिगेटचं, म्हणजे मध्यम युद्धनौकेचं, सुट्या भागांचं किट त्यांनी घरी जोडलं. ते ज्या जहाजावर होते, त्याच जातीचं. मामा जाऊनही बरीच वर्षं झाली. जहाज शोकेसमध्ये होतं — पिवळं पडलेलं, रडार तुटलेलं. मामी त्या घरात एकटीच राहते. मुलगा संजय, म्हणजे माझा मामेभाऊ, पुण्याला असतो.

त्या संजयचा एक दिवस फोन आला. "ताई, आईचं काही खरं न्हाई. म्हणती, दादा येत्यात, जहाज पुसून जात्यात. मी तिला पुण्याला आणतोय. घर काढून टाकणार."

दादा म्हणजे त्याचे वडील, माझे मामा. मी म्हटलं, म्हातारं माणूस आहे, बोलत असेल. "न्हाई गं, डॉक्टरला दाखवायचंय. इथं जवळच एक होम आहे म्हाताऱ्यांचं, तिथं नीट बघत्यात." मामी म्हणजे अंगणात बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारणारी बाई. चार भिंतींत कोंडली तर वर्षही काढायची नाही.

मी आणि सुनील, माझे मिस्टर, गाडी काढून दौंडला गेलो. मामी ठणठणीत. आम्हाला वांग्याचं कालवण-भाकरी वाढली, सुनीलला तिसरी भाकरी जबरदस्तीनं. मी हळूच विषय काढला, तर म्हणाली, "येत्यात की. मला दिसत न्हाईत. पर जहाजावर कवा धूळ बघितलीस का तू?" मी तिलाही झापलंच. म्हटलं, मामी, असलं बोलू नको, संज्या तुला उचलून नेईल. निघताना जहाज माझ्या मांडीवर ठेवलं तिनं. "नीट कर जा. तुझं मामा खूश झालं पायजेत."

पुढचे दोन महिने मी त्या जहाजाला वाहून घेतलं. रंग उतरवला, रडार नव्यानं केलं, ग्रे मारला... इतका सुंदर बसला की मीच बघत राहिले. आता शेवटचं काम उरलं, वेदरिंग. म्हणजे जहाज खरंखुरं समुद्रात राबलेलं दिसावं म्हणून मुद्दाम केलेले डाग. नांगराच्या खाली, पाणी बाहेर पडतं त्या भोकांखाली तपकिरी रंगाचे बारीक ओघळ काढायचे, गंजाचे. आमच्या या छंदात हे सगळे करतात. त्याशिवाय मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. रविवारी दुपारी ओघळ काढले, वाळवले, वर मॅट लॅकरचा पारदर्शक थर मारला.

सोमवारी ड्युटीवरून आले, तर गंज गायब.

खरवडलेला नाही. फिसकटलेला नाही. मुळात नव्हताच असा. सगळ्यात आधी संशय सुनीलवर. त्याला असला फाडला की बिचारा म्हणाला, "अगं बाई, मी तुझ्या त्या टेबलाकडं फिरकत तरी असतो का?" ते खरं होतं. थिनर लावला म्हणावं, तर लॅकर उठलं असतं, खालचा ग्रेही सुटला असता. भिंग लावून बघितलं. लॅकरचा थर अखंड होता. आणि लॅकरच्या खालचा गंज कुणी काढून नेलेला!

परत काढला. या वेळी कंपनीत करतो तसं टेस्ट पीस बनवलं — प्लास्टिकच्या चमच्यावर तोच ग्रे, तोच तपकिरी, तेच लॅकर, त्याच दिवशी. चमचा आणि जहाज दोन्ही लोखंडी कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. दुसऱ्या दिवशी उघडलं. चमच्यावर गंज जशाचा तसा. जहाज स्वच्छ. कपाटात पितळ घासायच्या पॉलिशचा वास... आमच्या घरात पितळेची वस्तू औषधालाही नाही.

घाबरले? साफ खोटं, मला राग आला! माझी मेहनत होती ती. भर दुपारी कपाटासमोर उभी राहून मोठ्यानं बोलले, "कोण आहे ते समोर या. आणि जहाज समुद्रात राहिलं की गंजतंच, कळलं?" सुनील दारातून बघत होता. तो चहा टाकायला गेला.

मग मामीला फोन केला. बाकी काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, मामी, मामांच्या जहाजाला गंजाचे डाग दाखवू का? खरंखुरं दिसेल. तिकडून मामी उसळलीच. "गंज? आगं काय बोलतीस! जलमभर त्येंनी त्येच केलं. सकाळ झाली की गंज खरवडायचा, रंग लावायचा, आन् पितळ घासायचं. एक डाग ऱ्हायला तर साहेब समद्यांसमोर फाडून खायचा त्येंला. गंज म्हंजी त्येंच्या तोंडाला काळं फासल्यावानी!"

मी फोन ठेवला. जगभरातले आम्ही मॉडेलवाले, खरं दिसावं म्हणून गंज लावतो... आणि ज्या माणसानं खऱ्या जहाजावर हयात घालवली, त्याला तोच चालत नव्हता.

पण तरी मी म्हटलं, योगायोग असेल. काहीतरी केमिकल असेल.

त्याच आठवड्यात संजयनं दौंडला बोलावलं. मामीच्या दोन बॅगा भरून दारात ठेवलेल्या. ती खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसलेली, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी. रस्त्याकडे बघतही नव्हती. संजय मला म्हणाला, "ताई, तूच सांग तिला. तू सायन्सवाली. असलं काही नसतं म्हणून सांग, म्हंजी ती मुकाट्यानं येईल."

गाडीत सुनीलनं बजावलं होतं, तू गप्प बस, विहारात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. बरोबरच होतं त्याचं. मी मामीला द्यायला आणलेलं जहाज टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "संज्या, माझ्या घरीही पुसलं गेलं. दोनदा. एकदा कुलपात."

संजय माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, तू पण?"

"हो, मी पण. मग आम्हा दोघींनाही ने त्या होममध्ये. मामी स्वयंपाक करते, औषधं घेते, गॅस बंद करते, तुझ्या पोरांचे वाढदिवस तुझ्याआधी तिला आठवतात. तिनं एक गोष्ट सांगितली जी तुला पटत नाही. एवढ्यावर माणूस वेडं ठरतं होय रे?"

तो चिडला. म्हणाला, आण तुझा रंग. वाटेत टवका उडाला तर म्हणून रंग बरोबर आणलेच होते, मी तपकिरी डबी दिली. त्यानं स्वतःच्या हातानं, मामीच्या देखत, नांगराखाली जाड ओघळ काढला. कधी ब्रश न धरलेल्या माणसानं काढावा तसा, ओबडधोबड. वाळेपर्यंत बसून राहिला. जहाज स्वतःच्या गाडीत घातलं, गाडी लॉक केली. "उद्या सकाळी ह्यो डाग दाखवतो तुम्हाला. मग आई, तू माझ्यासंगं यायचं." मामी फक्त म्हणाली, "बरं बाबा." आम्ही दोघं मुक्कामाला राहिलो. रात्रभर कुणाला धड झोप नव्हती, पण काही झालंही नाही.

सकाळी संजय गाडीकडे गेला. बराच वेळ आला नाही. मी खिडकीतून बघितलं, तो ड्रायव्हरच्या सीटवर जहाज मांडीवर घेऊन बसला होता. शेवटी आत आला. जहाज शोकेसमध्ये ठेवलं, काच लावली. मला दिसलं, नांगराखाली करडा रंग लख्ख होता. मग त्यानं दारातल्या दोन्ही बॅगा उचलून आतल्या खोलीत नेल्या आणि खाली बसून त्यातल्या साड्या एकेक करून कपाटात लावायला लागला. मामी म्हणाली, "आरं, घडी मोडतीय." तो तरी लावतच राहिला.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वीस वर्षं रंगात काढलेल्या बाईकडे नाही, ते तुमच्याकडे असेल तर ऐकते. रंग घेऊन दौंडला या, लावून बघा, मामी जेवूही घालेल. विहारात मला हसतात, हसू देत. मी अजूनही बुवाबाजीवर बोलते, आणि हेही सांगते. दोन्ही खरं आहे, मी काय करू?

परवा संजयनं विचारलं, आई, एकटीला करमतं ना? तर मामी त्याच्यावर डाफरली, "एकटी कोण हाय रं?" त्यानं तिला पुन्हा कधी पुण्याला चल म्हटलेलं नाही.