बाबांनी बांधलेलं इंजिन

बाबांना सोबत घेऊन कुठेही जाणं म्हणजे डोक्याला ताप, आणि डायनो टेस्टला तर अजिबात नको, हे मी बायकोला आधीच बजावलं होतं. पण करणार काय, इंजिन त्यांनीच बांधलेलं. साठच्या दशकातल्या अमेरिकन गाडीचं, आठ सिलिंडरचं धूड. मी हौसेने गाडी घेतली, इंजिन खोललं आणि दोन वर्षं इंग्लंडमध्ये रीडिंगच्या आमच्या गॅरेजमध्ये डब्यांत भरून ठेवलं. बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले. त्यांची सगळी हयात बसच्या वर्कशॉपात गेलेली, त्यांना ते डबे बघवेनात. आता शुक्रवारी त्यांचं परतीचं विमान होतं, आणि यापुढे एवढा लांबचा प्रवास करायचा नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. जायच्या आधी हे इंजिन चालताना ऐकायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून मी खटपट करून कार्डिफजवळच्या एका वर्कशॉपात बुधवारी सकाळचा स्लॉट मिळवला. तिथे इंजिन गाडीत न बसवता डायनोच्या स्टँडवर चढवतात, भार टाकतात आणि ताकद मोजतात. एम-फोर हायवेवर बाबांची टकळी अखंड चालू. टायमिंग कानाने लावायचं असतं, मशीनने नाही. लेन का बदललीस? सँडविच एवढं गार कसं? मी नुसता हं हं करत होतो.

डायनो चालवणारा वेल्श माणूस मितभाषी होता. त्याने आम्हाला काचेमागच्या खोलीत बसवलं आणि बटण दाबलं. इंजिन मस्त सुरू झालं, पण भार चढवताच ठसका लागल्यासारखं खोकायला लागलं. त्याने ताबडतोब बंद केलं. चार सिलिंडरना पेट्रोल कमी पडतंय, असंच रेटलं तर पिस्टन वितळतील, म्हणाला. घरी न्या, कार्ब्युरेटर नीट तपासा, पुढच्या महिन्यात या.

पुढच्या महिन्यात! मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात बाबा हिंदी-इंग्लिशची खिचडी करून त्याला समजावायला लागले की जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, कचरा आहे, दहा मिनिटं द्या, मी खोलतो. कार्ब्युरेटर मी नवा कोरा घेतलेला, त्यात कचरा येणार कुठून? माझं डोकंच सटकलं.

"बाबा, प्लीज, आता तरी गप्प बसा. हे तुमचं वर्कशॉप नाही."

 वेल्श माणसाला मराठी येत नव्हतं, पण सूर कळला असावा. त्याने स्क्रूड्रायव्हर बाबांच्या हातात दिला.

पंधरा मिनिटांत कारण बाहेर आलं. जेटच्या तोंडाशी तांदळाचा एक दाणा अडकला होता, कुंकवाने लालसर झालेला.

दाणा मी लगेच ओळखला. आदल्या संध्याकाळी बाबांनी गॅरेजमध्ये इंजिनाची पूजा केली होती. खंडेनवमीला त्यांच्या वर्कशॉपात मशीनची करायचे तशी, हळद-कुंकू, फूल, अक्षता, सगळं साग्रसंगीत. कार्ब्युरेटरच्या उघड्या तोंडावर त्यांनी आठवणीने फडकं बांधलं होतं. ते आरतीचं ताट आणायला आत गेले तेव्हा फॅमिली ग्रुपसाठी फोटो काढायला म्हणून ते फडकं काढलं मी. आणि एकदाची कटकट संपावी म्हणून मूठभर अक्षता वरून फेकल्या त्याही मीच. ते येईपर्यंत फडकं परत जागेवर होतं. पण फडकं काढलेला तो फोटो ग्रुपवर त्यांनीही बघितला होता.

वेल्श माणसाने दाणा बोटावर घेऊन माझ्याकडे बघितलं. हा कुठून आला, त्याने विचारलं.

"माय मिस्टेक," बाबा म्हणाले. "ओल्ड मॅन. सॉरी."

मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्यांदा इंजिन असं चाललं की स्क्रीनवरचे आकडे बघून वेल्श माणसाने शीळ घातली. बाबांचं स्क्रीनकडे लक्षच नव्हतं. काचेतून आवाज पुरेसा येईना म्हणून ते हाताचा तळवा भिंतीला लावून, डोळे मिटून उभे होते. नंतर त्यांच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, पुढच्या वेळी तांदूळ घरी ठेवा. बाबा हसले. आणि मीही हसलो, निर्लज्जासारखा.

शुक्रवारी एअरपोर्टवर वाकून नमस्कार केला, तेव्हाही मी ते कबूल केलं नाही. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, ऑइल वेळेवर बदलत जा.