मार खाणारा मोठा की चुकवणारा

आमच्या घरात दर रविवारी भांडण व्हायचं, आणि तेही वेळ लावून. सकाळी विहारातून वंदना करून आलो की बाबा आणि मी बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या गॅलरीत समोरासमोर खुर्च्या टाकायचो. आई स्वयंपाकघराच्या दारात स्टीलचा ग्लास आणि चमचा घेऊन बसायची. तिने ग्लास वाजवला की एकाने तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने तोंड मिटून ऐकायचं. पुन्हा वाजला की एक मिनिट विश्रांती, त्यात फक्त चहा. मग दुसऱ्याची पाळी. जगातला सर्वांत मोठा बॉक्सर कोण, हा एकच विषय आम्हाला माझ्या नवव्या वर्षापासून माझे केस पिकेपर्यंत पुरला.

"यांना दुसरे उद्योग नाहीत," असं आई शेजारणींना सांगायची. पण तिने एक रविवार चुकवला नाही.

बाबा विशीत विदर्भातून आले आणि इथल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. कारखान्याचा बॉक्सिंगचा संघ होता, त्यात बरीच वर्षं खेळले. नाक डावीकडे वाकलं ते तेव्हाच. पुण्याने त्यांची बोली पार धुऊन काढली, एक 'काहून' तेवढं चिकटून राहिलं. बॉक्सरांची नावं घ्यायची नाहीत हा त्यांचाच नियम. नाव घेतलं की लोक नावालाच मत देतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांच्याकडून 'माझा' आणि 'तुझा', एवढंच.

त्यांचा होता जुना, पंधरा फेऱ्यांच्या काळातला. माझा आताचा, बारा फेऱ्यांचा. बाबा म्हणायचे, "तुझा एका लढतीसाठी सहा महिने तयारी करतो. जेवण ठरवणारा वेगळा, मालिश करणारा वेगळा. माझा महिन्याभरात पुन्हा उभा राहायचा, सुजलेल्या डोळ्याने."

"तो सुजलेला डोळा हाच तर माझा मुद्दा आहे, बाबा. ज्याला ठोसा चुकवता येत नाही तो मोठा कसा? मार खाऊन उभं राहणं हीच कला असेल, तर आपल्या चौकातला विजेचा खांब जगज्जेता आहे. रोज एक रिक्षा धडकते त्याला."

मग बाबा म्हणायचे की माझ्या बॉक्सरला त्यांच्या काळात नेऊन टाक, चौथ्या फेरीत घरी जाईल. मी म्हणायची की त्यांच्या बॉक्सरला आमच्या काळात आणा, त्याला माझा सापडणारच नाही. आईने एकदा कंटाळून निकाल दिला होता. "दोघांना एकाच साली जन्माला घाला आणि मला पोळ्या करू द्या."

शेवटच्या फेरीत शब्द संपले की बाबा उठून उभे राहायचे. दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, हनुवटी पुढे करायचे आणि म्हणायचे, "हाण." मी मूठ वळून त्यांच्या हनुवटीला टेकवायची. "बघ, पापणी तरी लवली का?" हात वर धरून तोंड झाकणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग होता. "माझ्या बापाने गावात मान खाली घालून दिवस काढले. दीक्षा घेतली आणि मान वर केली. मी कशाला तोंड लपवू? चोरी केलीय का?" मी पुढच्या रविवारी पुन्हा ठोसा चुकवण्याचाच मुद्दा मांडायची.

आमची चूक इथेच झाली. दुसऱ्या कुठल्याही घरात म्हातारा माणूस तेच तेच बोलायला लागला की लोकांच्या लक्षात येतं. आमच्या घरात तेच तेच बोलायचा रिवाज होता. बाबा एकाच रविवारी सुजलेल्या डोळ्याचा मुद्दा दोनदा, मग तीनदा मांडायला लागले, तेव्हा मला वाटलं मुद्दाम खिजवतायत. मी बोट वर करून म्हणायची, "फाउल, बाबा. झालाय हा मुद्दा." ते ओशाळून हसायचे आणि चहाचा कप उचलायचे. कप रिकामा असायचा. हेही मला दिसायचं, आणि मी त्याची टिंगल करायची.

एका रविवारी माझी पाळी चालू असताना ते मांडीवरच्या कागदाकडे चोरून बघत होते. मी म्हटलं, आता तर हद्दच झाली, कॉपी करतायत. मी कागद हिसकावून घेतला. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं:

"रविवार. ग्लास वाजला की बोलायचं. माझा जुना. तिचा नवा. ती मुलगी."

मी घडी घालून तो त्यांच्या हातात परत दिला. मला माझी इतकी लाज वाटली की पुढचे दोन दिवस मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, हे कधीपासून?"

आई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. आई म्हणाली, "अहो, पहिल्यापासूनच." डॉक्टरांना आधी ती चेष्टा वाटली.

मग त्यांनी बाबांना विचारलं, "काका, डोक्याला कधी मार लागला होता का?"

तोवर खुर्चीत पोक काढून बसलेले बाबा एकदम ताठ झाले. "भरपूर," ते म्हणाले. असा अभिमान मी कितीतरी महिन्यांत त्यांच्या आवाजात ऐकला नव्हता.

डॉक्टर भला माणूस होता. डोक्याच्या आतला फोटो समोर धरून सावकाश समजावलं. एखादा मोठा फटकाच लागतो असं नाही, वर्षानुवर्षं बसलेले लहान लहान ठोसेही पुरतात. गेलं ते परत येणार नाही, आणि आहे तेही हळूहळू जाणार. मी ऐकत होते. ते शब्दाशब्दाला माझ्या बाजूने बोलत होते. मार चुकवणारा मोठा, हे मी इतकी वर्षं घसा फोडून सांगत होते आणि त्यांनी तीन मिनिटांत सिद्ध करून दाखवलं. जन्मात पहिल्यांदा मला हरायचं होतं.

त्यानंतर मी बाबांची बाजू घेऊन बोलायला लागले. तुमचाच मोठा, बाबा. पंधरा फेऱ्या, सुजलेला डोळा, काय छाती. पहिल्या वेळी ते भडकले. "काहून खोटं लढतेस?" म्हणाले आणि उठून आत गेले. मला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं, अजून ओळखतायत म्हणून. पण पुढे पुढे तो रागही गेला. मी काहीही बोलले तरी ते मान हलवायचे, लग्नात अनोळखी पाहुण्यापुढे हलवतात तशी.

खुर्च्या मात्र आम्ही टाकतो. आई ग्लास घेऊन बसते. तिचं म्हणणं, सवय मोडली तर माणूस अजून लवकर जाईल. मला ते पटत नाही, पण तिच्याशी वाद घालायची ताकद माझ्यात राहिलेली नाही.

परवाच्या रविवारी बाबांच्या हनुवटीवरून चहा ओघळला. पुसावा म्हणून मी ओढणीचं टोक मुठीत धरून हात पुढे केला, त्याच हनुवटीकडे.

बाबांचे दोन्ही हात झटकन वर आले. मुठी गालांवर, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, मान खांद्यांत ओढलेली. मुठींच्या फटीतून ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या डोळ्यांत भीती होती. माझ्या बॉक्सरचा पवित्रा. हुबेहूब. इतकी वर्षं मी ज्याचं कौतुक त्यांच्या कानीकपाळी ओरडले, तो त्यांनी अखेर घेतला, आणि माझ्यापासून वाचायला घेतला.

"बाबा, मी आहे," मी म्हटलं. माझा हात तसाच हवेत होता.

आईने ग्लास वाजवला. फेरी संपली एवढं तरी त्यांना कळेल, असं तिला वाटलं असावं. तिने पुन्हा वाजवला, जरा जोरात. बाबांनी हात खाली घेतले नाहीत.