आप्पांचा चाकू आणि मी आणलेली पाचर

गेल्या वर्षभरात मी तीन घडीचे चाकू विकत घेतले. घरात भाजी चिरायला विळी आहे, आणि शाळेत पोरं मला घाबरतात ती माझ्या जिभेला, त्यामुळे चाकूची मला तशी काही गरज नव्हती. तरी तीन घेतले. कारण त्याआधीचा एक मी फेकायला लावला होता, आणि तो माझ्या वडिलांचा होता.

आम्ही तापीकाठचे, प्रकाशा गावाजवळचे. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.एस्सी. फिजिक्स, वर बी.एड. हे इथे सांगायची गरज नव्हती, पण मी ते कुठेही सांगते, मग इथेच का सोडू?

आप्पांचा चाकू लाकडी मुठीचा, पितळी खिळ्यांचा. धुण्याच्या दगडावर घासून घासून पातं निम्मं राहिलेलं आणि इतकं पातळ झालेलं की पेरू, म्हणजे आमच्याकडचा जाम, कापला तर फोडीतून पलीकडचा बांध दिसावा. आप्पांच्या दाढा गेल्यात, त्यांना फोड पातळच लागते. मी लहान असताना कापूस वेचायला जायचो तेव्हा दुपारी बांधावर बसून ते एकेक फोड चाकूच्या टोकावर धरून पुढे करायचे. ताटली वगैरे काही नाही, टोकावरून उचलायची. पाळी कुणाची ते आप्पा ठरवायचे. मी पास झाले की पहिली फोड माझी.

तर विमान. भावाचं बाळ बघायला बंगळुरूला जायचं होतं. रेल्वेने जाता आलं असतं, पण मला आप्पांना विमानात बसवायचं होतं. खरं सांगायचं तर मला आप्पांना विमानात बसवणारी मुलगी व्हायचं होतं. सुरतेच्या विमानतळावर तपासणीत आप्पांच्या बंडीच्या खिशातून चाकू निघाला. बॅगा आधीच गेलेल्या. साहेब बरा माणूस होता. हिंदीत म्हणाला, बाहेर कुणी ओळखीचं असेल तर देऊन या, वेळ आहे. आम्हाला गावाहून घेऊन आलेला जीपवाला बाहेर चहाच पीत होता. पण मागे रांग होती, रांगेत चाकांच्या बॅगा घेतलेले लोक होते, आणि ते सगळे आप्पांच्या बंडीकडे बघताहेत असं मला वाटलं. मी साहेबांना इंग्रजीत उत्तर दिलं. त्यांच्या हिंदीला माझं इंग्रजी. ‘नो प्रॉब्लेम सर, प्लीज थ्रो इट,’ आणि अशीच आणखी चार वाक्यं, रांगेला ऐकू जातील अशी. चाकू डब्यात पडला. मी आप्पांना म्हटलं, “राहू द्या, याच्यापेक्षा भारी आणू.”

 गावी आल्यावर आप्पा ज्याला त्याला सांगू लागले. “मन्ही पोर साहेबसंगे इंग्रजीमा भांडनी, मन्हा चाकूसाठे! पन साहेबनी ऐकं नही.”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं. मी पदर सारखा केला आणि आत गेले. त्यानंतर प्रत्येक वेळी मी आत जात राहिले. आप्पा पेरू खायचे सोडून केळी खायला लागले. केळाला चाकू लागत नाही. मग मी ठरवलं की भारी चाकू आणला की हिशेब मिटला, सांगायची गरज उरणार नाही.

पहिला मोबाईलवर मागवला. काळा कुळकुळीत, चार मिलिमीटर जाड पात्याचा. व्हिडिओत एक माणूस त्याने दोर कापत होता, लाकूड फोडत होता. मुठीला गाडीची काच फोडायचं टोकसुद्धा होतं. बंडीत चाकू ठेवून जाम खाणारा माणूस कुणाच्या गाडीची काच फोडायला जाणार आहे, हे माझ्या मनात आलं नाही. जाड म्हणजे मजबूत, मजबूत म्हणजे चांगला. आप्पांनी तो खिशात ठेवला, तर बंडी एका बाजूला ओढली गेली. मग पेरू घेऊन दाबला. धार चांगली होती, साल झटकन कापली गेली, पण पातं आत शिरलं आणि पेरू ‘कट्’ करून दोन तुकड्यांत फुटला. बिया माझ्या साडीवर.

“माय,” आप्पा शांतपणे म्हणाले, “हाई चाकू शे का पाचर?”

मी सातवीला साधी यंत्रे शिकवते. त्यात पाचर आहे. तिची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढते आणि सांगते, पाचर जितकी जाड तितकी ती वस्तूला बाजूला ढकलते. आणि पगाराच्या पैशाने मी ती पाचर घरी आणली होती. आता आई तिने चुलीसाठी लाकडाच्या ढलप्या काढते. छान निघतात.

दुसरा शहाद्याच्या बाजारातून, फळं कापायचा, प्लॅस्टिक मुठीचा. पातं पातळ, पण खिळा ढिला. “बघा आप्पा, कसा कापतो,” म्हणत मी दाखवायला गेले आणि तो माझ्याच बोटावर मिटला. आप्पांनी बोटाला हळद लावली आणि चाकू काढून घेतला. त्याच संध्याकाळी ओट्यावर कुणीतरी विमानाची गोष्ट विचारली. मी हळदीचं बोट घेऊन आत गेले.

मग आली सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा. या वेळी मी आप्पांना घेऊन, पूर्ण तयारीने गेले. शाळेच्या प्रयोगशाळेतली, जाडी मोजायची व्हर्निअर कॅलिपर पर्समध्ये टाकली. धुळीत ताडपत्री अंथरून बसलेल्या एका चाकूवाल्यापुढे उकिडवी बसले आणि एकेका पात्याची पाठ मोजून वहीत लिहायला लागले. दीड मिलिमीटर. एक पूर्णांक आठ दशांश. लोक घोडे सोडून मला बघायला लागले.

“ताई,” चाकूवाला म्हणाला, “चाकू लेवाले उनात का नवरदेवनं माप लेवाले?”

मी त्याला दीड मिलिमीटरवाला काढायला सांगितलं. आप्पांनी तो हातात घेतला, धार अंगठ्याच्या नखावर टेकवली, जरासा कलता दाब दिला आणि ठेवून दिला. “पाठ पातळी शे, पन धारपन जाडी शे.” मी पुन्हा बघितलं. खरंच, पात्याची पाठ बारीक होती, पण जाडी धारेपर्यंत तशीच आली होती आणि अगदी शेवटी घाईने धार काढली होती. माझं यंत्र पाठीवरच लागलं होतं. आप्पा असे चार चाकू नखावर लावून बघत गेले. पाचव्याची धार नखावर केसभर वाकली, सरळ झाली, म्हणजे हा धारेपर्यंत पातळ. त्यांनी बंडीतून पेरू काढला.

“ओ बाबा, कापीसन दखशात का?” चाकूवाला ओरडला.

“मंग काय, घोडा कापू?”

पातं पेरूतून गेलं. कट् झालं नाही, काहीच आवाज आला नाही. पहिली फोड आप्पांनी चाकूच्या टोकावर घेतली आणि माझ्यापुढे धरली. वर्षभरात पहिल्यांदा. माझा हात काही पुढे होईना.

“आप्पा,” मी म्हटलं, “विमानतळवर, चाकू फेकी द्या, आसं मीच सांगं व्हतं.”

“माले माहीत शे.”

“कसं?”

“साहेब हिंदीमा बोलना व्हता, बाहेर कोनले दी या. तेवढं माले समजनं व्हतं.”

“मंग लोकेस्ले दुसरंच का बरं सांगतस?”

“मंग काय सांगू? पोरले बापनी लाज वाटनी, आसं सांगू?”

ते हे रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. शेताच्या पाण्याची पाळी सांगावी तसे बोलले. चाकूवाला उगाच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

“ले आते,” आप्पा म्हणाले, “हात दुखी ऱ्हायना.”

मी फोड उचलली. जुन्या चाकूइतकी पातळ नव्हती. आप्पा म्हणाले, वर्ष-दोन वर्षं दगडावर गेला की होईल. तिसरा चाकू तो.

नंतर चहाच्या टपरीवर आमच्या शेजारच्या शेतातले काका भेटले. नवा चाकू पाहून त्यांनी विचारलं आणि आप्पांनी तोंड उघडलं, “मन्ही पोर...” या वेळी आत जायला घर नव्हतं. मी मधेच बोलले. सगळं सांगितलं, रांग, बंडी, माझं इंग्रजी, जीपवाला बाहेर होता तेसुद्धा.

काकांनी बशीतला चहा संपवला आणि आप्पांकडे वळून म्हणाले, “दख, कसं बोलस! एवढी शिकेल पोर, पन गर्व कसा तो नही.”

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा खाली मान घालून पेरू कापत होते आणि त्यांचे खांदे हसण्याने हलत होते. पुढची फोड टोकावर घेऊन त्यांनी हात लांब केला, माझ्यासमोरून नेला, आणि काकांना दिली.