पहारेकरी प्रेमाने आत सोडतात

दत्ताराम घाडी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, मालनचे, यजमान. माणूस तापट, तोंडाळ. पक्षी बघणाऱ्या लोकांचं नाव त्यांच्यासमोर काढायची आजही सोय नाही. माझ्यासमोरही नाही. मी हे त्या लोकांचं कौतुक म्हणून लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

संपात गिरणी सुटली आणि भावोजी रस्त्यावर आले. मालन दोन पोरांना घेऊन वाकोल्याला आमच्या एका खोलीत येऊन राहिली. तिथे आम्हीच एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपत होतो. वर्षभराने भावोजी मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी एका कारखान्याच्या तळ्यावर पहारेकरी म्हणून चिकटले. पगार बेताचाच, पण पंपाशेजारी राहायला खोली होती. मालनने तिथे स्वतःचा स्टोव्ह पेटवला आणि रडली. नोकरीपेक्षा खोली मोठी होती, ती अशी. काम एकच: बाहेरच्या माणसाला आत सोडायचं नाही.

थंडीत त्या तळ्यावर परदेशातून बदकं उतरायची. भावोजींना त्यात काडीचा रस नव्हता. पाण्यावर बसलं ते बदक आणि उरलेले सगळे कावळे, एवढंच त्यांचं पक्षिज्ञान. पण एका रविवारी पार्ल्याहून पाचसहा मंडळी आली. गळ्यात दुर्बिणी, डोक्यावर टोप्या. पुढारी शरच्चंद्र आगाशे, विमा कचेरीतले मोठे अधिकारी. फाटकाशी येऊन म्हणाले, "अहो, नाव काय आपलं? घाडी का? घाडी, जरा आत येऊ?" संप फुटल्यापासून भावोजींना कुणी 'अहो' म्हटलं नव्हतं. मुकादम 'ए' म्हणायचा आणि साहेब नुसतं बोट हलवायचा. माणूस विरघळला.

मग दर रविवारी वरात. मालन चहा करायची. त्यांच्यातल्या नीलाताई, शाळेत शिकवणाऱ्या, पोरांच्या हातावर गोळ्या ठेवायच्या आणि संडास वापरून जायच्या. रविवारी साहेब घरी, त्यामुळे बोभाटा झाला नाही.

आणि मग ह्या दीडशहाण्यांनी पुस्तिका छापली. उपनगरांत पक्षी कुठे बघावेत, बस कुठून पकडावी, प्यायचं पाणी कुठे मिळेल. बोरिवलीचं जंगल, माहुलची खाडी, पवई, आणि आमचं तळं. कुणाचे तरी आभार मानल्याशिवाय ह्या लोकांना घास उतरत नाही, म्हणून तळ्याच्या माहितीखाली लिहिलं: 'येथील पहारेकरी श्री. दत्ताराम घाडी अभ्यासकांना प्रेमाने आत सोडतात. त्यांच्या पत्नीच्या हातचा चहा अवश्य घ्यावा.' आगाशे स्वतः प्रत द्यायला आले. छापील नाव बघून भावोजी आठवडाभर छाती काढून फिरत होते.

पुढच्याच आठवड्यात कुणी अनोळखी हौशी माणूस ती पुस्तिका घेऊन थेट कारखान्याच्या मोठ्या फाटकावर गेला आणि घाडी कुठे भेटतील म्हणून विचारू लागला. साहेबाने भावोजींना बोलावलं.

"प्रेमाने आत सोडतोस काय रे?"

साहेबच पुढे म्हणाला, "मलाही वर उत्तर द्यायचंय. त्या लोकांना माझ्यासमोर आण. त्यांनी सांगितलं की तू झोपला होतास नि ते कुंपणातून घुसले, तर तुला दम देऊन सोडतो. नाहीतर महिनाअखेर खोली खाली कर."

आम्ही दोघं पार्ल्याला आगाशांच्या घरी गेलो. त्यांची मंडळी जमलीच होती. पुढे चिवड्याच्या बशा आल्या. भावोजींनी खुर्चीवर न बसताच सगळं सांगितलं.

आगाशे चष्मा पुसत म्हणाले, "वाईट वाटतं हो. पण खोटं कसं बोलणार? आमच्या मंडळाचा एकच नियम आहे. न पाहिलेला पक्षी पाहिला म्हणायचं नाही. आज एक खोटं बोललो, तर उद्या आमच्या नोंदींवर कोण विश्वास ठेवील?"

"सायब, मी बदकांचा नाय बोलत हा, माझ्या खोलीचा बोलतंय," भावोजी म्हणाले. "एकदाच सांगा, दत्ताराम झोपललो, आमी कुंपणातसून इलाव. पोरां खंय निजतली माझी?"

नीलाताई चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसल्या. त्या गोळ्या वाटणाऱ्या बाईकडे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मग तुमच्या घरात ठेवा चौघांना. तेही खरंच होईल." आगाशे म्हणाले, आवाज चढवू नका. आम्ही बशीला हात न लावता उठलो.

आगाशे कारखान्याच्या साहेबाकडे गेले, ते मात्र गेले. अस्खलित इंग्रजीत सगळं खरं खरं सांगितलं, माफी मागितली. साहेब खूश झाला. असे सज्जन लोक हल्ली मिळत नाहीत म्हणाला, आणि वार्षिक पक्षिगणनेसाठी त्यांना रीतसर परवानगी देऊन टाकली. भावोजींना काढलं.

गणनेचा रविवार आणि खोली सोडायचा दिवस एकच निघाला. मी टेम्पो घेऊन गेलो होतो. मंडळी काठावर ओळीने उभी होती, कुजबुजत होती, पाणी बदकांनी भरून गेलं होतं. फाटक भावोजींनीच उघडून दिलं, कारण संध्याकाळपर्यंत नोकरी त्यांचीच होती. मग ते खाली गेले, शेवाळ काढायची पत्र्याची होडी त्यांनी सोडली आणि तळ्याच्या मध्यावर जाऊन वल्ह्याने पत्रा बडवायला लागले.

सगळं तळं एकदम उडालं. थवे दोनदा फिरून खाली आले, भावोजींनी पुन्हा बडवलं. शेवटी डोंगरापलीकडे गेले ते गेलेच. काठावरून आगाशे ओरडत होते, हात हलवत होते. भावोजी होडीत उभे राहून त्यांच्याहून मोठ्याने ओरडले,

"मोजा आता! आणि खरा काय ता लिवा!"

मी सामान टाकून टाळ्या वाजवल्या. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. मालन बोचकं मांडीवर घेऊन टेम्पोत बसली होती. ती हसली नाही.

त्या रात्री वाकोल्याच्या खोलीत अंथरुणं घातली, तेव्हा भावोजी उशी उचलून बाहेर गटाराशेजारच्या कट्ट्यावर झोपायला गेले. आत पोरांना पाय पसरता येईनात.