सैतानाची चामखीळ

वाल्बुर्गा काचेवर देवाची चित्रं काढायची. काचेच्या मागच्या बाजूनं रंगवायचं, म्हणून डावं ते उजवं. हात त्या उलट्या कामालाच सरावलेला.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात तिची लेक झेंझी तापानं फणफणली होती. पेजेपुरतं पीठ मागायला वाल्बुर्गा गिरणीवर गेली. एगिड गिरणीवाला म्हणाला, "देवाची चित्रं काढतेस ना बाई? मग देवाकडेच माग." त्याच्या मागं पोत्यांची थप्पी तिला दिसत होती. झेंझी त्या तापातच गेली. तेव्हापासून जपमाळ संपली की वाल्बुर्गा एकच मागायची, याला भोगायला लाव.

लढाई संपली, पण ऑस्ट्रियात सुटी नाणी दिसेनाशी झाली. गावोगाव पंचायती आपापल्या हेलरच्या, म्हणजे चिल्लर पैशांच्या, कागदी नोटा छापू लागल्या. इथल्या पंचायतीनं वाल्बुर्गाला नोटेसाठी संत मिखाएलचं चित्र काढायला सांगितलं, पायाखाली सैतान. तिनं सैतानाला एगिडचे लोंबते गाल दिले, पापणीवर त्याची चामखीळ दिली. पण हात सवयीनं उलटा चालला. एगिडची चामखीळ उजव्या पापणीवर, सैतानाची डाव्या.

एगिड नोट नाचवत पंचायतीत आला. मुखियानं नोट पाहिली, मग त्याचं तोंड पाहिलं.

"तुमची उजवीकडे, याची डावीकडे. उगाच अंगाला का लावून घेता, मालक?"

मंडळी मिशीतल्या मिशीत हसली. एगिड नोट चुरगाळत घरी गेला.

पुढचं त्याच्या मोलकरणीनं विहिरीवर सांगितलं. सकाळी दाढी करताना मालकाचा वस्तरा मध्येच थांबला. आरशात हुबेहूब नोटेतला सैतान उभा होता. त्या दिवशी आरसा भिंतीकडे फिरला आणि मालकानं दाढी वाढवली. पिठापोटी आलेली प्रत्येक नोट तो चुलीत घालू लागला.

जळालेली नोट खऱ्या पैशात बदलून मागायला कोण येणार? तिचा पैसा पंचायतीकडेच राहिला. एगिड जाळत गेला, पंचायत छापत गेली. मुखियानं वाल्बुर्गाला विचारलं, नव्या छपाईला चित्र बदलायचं का.

"कशाला?" ती म्हणाली. "चांगलं खपतंय."

उरलेल्या पैशातून, लढाईत तोफा ओतायला उतरवून नेलेल्या चर्चच्या घंटेच्या जागी नवी घंटा आली. पोरंटोरंसुद्धा तिला एगिडची घंटा म्हणत.

पापकबुलीच्या वेळी पाद्रीबाबांनी विचारलं, आणखी काही मनात? वाल्बुर्गा म्हणाली, काही नाही.

संध्याकाळी घंटा सुरू झाली की गिरणीच्या खिडक्या धडाधड लागायच्या. वाल्बुर्गा दारात उभी राहून क्रूसाची खूण करायची आणि शेवटचा टोला विरेपर्यंत आत जायची नाही.