चिंचोक्यांची अक्कल

उत्तमराव गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. उमरग्याच्या बसस्थानकासमोर वाढदिवसाचे फलक लागतात, त्याच बांबूंवर हा लावला होता. उत्तमरावांचा फोटो मधोमध, बेताच्या आकाराचा. श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो त्याहून मोठे. खाली लिहिलं होतं, ‘तालुक्याचे आद्य संगणकतज्ज्ञ’. उत्तमरावांनी जन्मात कधी संगणक विकत घेतला नाही. घरच्यांनी आणलेल्या संगणकाच्या खोलीतही ते पाऊल टाकत नसत. फलकाखाली ज्यांचं नाव ठळक होतं, ते आमच्या गावच्या सोसायटीच्या जुन्या चेअरमनांचे चिरंजीव. त्यांना वडिलांकडून बरंच काही वारशात मिळालं, त्यात उत्तमरावही मिळालेले दिसतात.

उत्तमराव आमच्या शाळेत गणित शिकवायचे, मी इंग्रजी. बौद्धवस्तीतले ते पहिले पदवीधर, आणि ही गोष्ट ते समोरच्याला विसरू देत नसत. दुष्काळातही बुटांना पॉलिश. कुणी हिशेबात चुकलं की त्याला दहा माणसांत दुरुस्त करायचे. त्यामुळे मित्र कमी, बरोबर उत्तरं भरपूर. ऐंशीनंतरच्या एका दुष्काळात सोलापूरच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक मुखपृष्ठ फाटलेलं इंग्रजी पुस्तक आणलं आणि रविवारी दुपारी माझ्यापुढं टाकलं. विषय होता, यंत्राला शिकवायचं कसं.

“सर, यंत्र शिकतं म्हणं.”

मी म्हणालो, “आपली पोरं शिकंनात, अन् यंत्र काय शिकतंय?”

“पोरांना आपण आधी उत्तर सांगतो, तिथं चुकतं. ह्याला आधी चुकू द्यायचं, मग दुरुस्त करायचं.” दुरुस्त करायचं म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी विसरलेलो नाही.

शब्द मी लावायचो, गणित ते लावायचे. चार-पाच रविवार आम्हा दोघांनाही काही कळलं नाही. मग एके दिवशी त्यांनी एका फळीवर आगपेटीच्या रिकाम्या पेट्या चिकटवून आणल्या. एकेका पेटीवर एकेक प्रश्न लिहिलेला, आत थोडे चिंचोके. ज्या प्रश्नांचं उत्तर ‘होय’, त्या पेट्यांतले चिंचोके मोजायचे. बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेली तर यंत्राचं उत्तर होय, नाहीतर नाही. यंत्रानं चुकून ‘नाही’ म्हटलं, तर ‘होय’ आलेल्या पेट्यांत एकेक चिंचोका वाढवायचा. चुकून ‘होय’ म्हटलं, तर एकेक काढून घ्यायचा. बस्स. शिकणं म्हणजे एवढंच... मला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं होतं.

पहिला धडा दिला टँकरचा. आज टँकर येणार का? काल आला होता का, आज बाजार आहे का, पुढाऱ्याचा दौरा आहे का, असे प्रश्न. महिनाभरात दौऱ्याची पेटी चिंचोक्यांनी भरली आणि बाकीच्या रिकाम्या झाल्या. यंत्र अचूक सांगू लागलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या हसण्यातच पुढचं सगळं होतं, पण हसताना माणूस विचार करत नाही.

त्या वर्षी गावाला तीन हापसे मंजूर झाले. बोअर कुठं पाडायचे हे गावची समिती ठरवणार, आणि समिती म्हणजे चेअरमन, गावचे पाटीलच. बौद्धवस्तीत पाण्याचा थेंब नव्हता. वस्तीतल्या बायका चावडीजवळच्या विहिरीवर जायच्या आणि लांब उभ्या राहायच्या; कुणाला दया आली की वरून घागरीत पाणी पडायचं. त्यात उत्तमरावांच्या पत्नी शांताबाई असायच्या. गणिताचा मास्तर शाळेत पाटलाच्या पोराचा कान धरायचा आणि त्याची बायको त्याच पोराच्या आईपुढं घागर धरायची. हापसा वस्तीत यावा, एवढंच त्यांना हवं होतं. आणि तो कुणाच्या मेहरबानीनं नको होता, हिशेबानं हवा होता.

“माणूस बगितला की त्यांना जात दिसती,” ते मला म्हणाले. “पेटीला काय दिसतंय? जातीचा प्रश्न म्या ठेवलाच न्हाय.” चुकून का होईना, ‘म्या’ म्हणाले. एरवी बोली ते शाळेच्या दाराबाहेर ठेवून यायचे.

प्रश्न त्यांनी काळजीनं निवडले. घरं जास्त आहेत का, जवळच्या विहिरीला चैत्रापर्यंत पाणी टिकतं का, बोअरची गाडी जाईल असा रस्ता आहे का, खाली मुरूम आहे का, जागा चावडीपासून जवळ आहे का. शेवटचा प्रश्न नकाशापुरता. गावात कुठलीही जागा चावडीपासूनच सांगतात. आता यंत्राला शिकवायला जुनी उदाहरणं हवीत, बरोबर उत्तरांसकट. मग गावात आणि आसपास आजवर ज्या जागा मागितल्या गेल्या, त्या त्यांनी गोळा केल्या. मंजूर झालेली जागा बरोबर, नामंजूर झालेली चूक. दोन महिने चिंचोके इकडून तिकडं गेले.

चेअरमनांना शास्त्राची भलतीच आवड; म्हणजे मांडव, माईक आणि हारांची. सोसायटीसमोर सभा भरली. फळीला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला, आगपेट्यांवर फुलं पडली. चेअरमनांनी अर्धा तास विज्ञानयुगावर भाषण केलं आणि शेवटी पेट्यांना हात जोडले. मग उत्तमरावांनी एकेक जागा घेतली. चावडीमागची... होय. चेअरमनांच्या गोठ्याजवळची... होय. देवळापुढची... होय. बौद्धवस्तीची वेळ आली तेव्हा त्यांनी चिंचोके दोनदा मोजले.

नाही.

सभा हसली. उत्तमरावांनी माईकसमोरच पेट्या उघडल्या. चावडीची पेटी गच्च भरलेली. घरांच्या पेटीत एक चिंचोका. पाणी टिकतं का, ती पेटी साफ रिकामी. जातीचा प्रश्न त्यांनी ठेवला नव्हता. यंत्रानं तो चावडीपासूनच्या अंतरातून शोधून काढला होता.

“गुरुजी, आता तुमचंच यंत्र सांगतंय,” चेअरमन प्रेमानं म्हणाले. “आमी काय बोलावं?”

“यंत्र चुकलं नाही,” उत्तमरावांचा आवाज चिरकला. “मी त्याला तुमचंच शिकवलं!”

“मग! आमचं शिकवलं, म्हणून तर बरोबर सांगतंय!” चेअरमनांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. टाळ्या कडाडल्या. उत्तर चुकलं म्हणून ज्या माणसानं अख्ख्या गावाला दुरुस्त केलं होतं, तो तिथं हार घालून उभा होता.

घरी शांताबाईंनी एवढंच विचारलं, “यंत्र बी पाटलाचंच निघालं का वो?”

उत्तमरावांनी यंत्र परत मागितलं. चिंचोके ओतून पुन्हा शिकवतो म्हणाले. या वेळी कुठं मंजूर झालं ते नाही, कुठं तहान आहे ते शिकवतो. सोसायटीनं फळी काचेच्या कपाटात ठेवली होती. गावाची ठेव आहे, गुरुजी, म्हणत चेअरमनांनी ती दिली नाही. पुढच्या साली हापसे आले तेव्हा सेक्रेटरीनं कपाट उघडून चिंचोके मोजले. उत्तर तेच. वस्तीला हापसा मिळाला तो बऱ्याच वर्षांनी, एका निवडणुकीत मतं कमी पडतील असं कुणाच्या तरी लक्षात आलं तेव्हा. त्याला यंत्र लागलं नाही.

शोकसभेला मी गेलो नाही. नंतर घरी गेलो. वस्तीत आता दारोदार नळ आहेत, पाणीही बरं येतं. शांताबाईंशी बोलता बोलता संध्याकाळ झाली. त्या उठल्या, दोन घागरी काठोकाठ भरून उंबऱ्याच्या आत ठेवल्या, वर ताटल्या झाकल्या. उत्तमरावांची लेक म्हणाली, अण्णांनी हे कधी बंद करू दिलं नाही. नळ आल्यावर तिनं विचारलं होतं, आता कशाला? तर म्हणाले होते, “नळ सोडणारा हात कुणाचा हाय, बग.” झोपण्याआधी स्वतः ताटली उचलून पाणी बघायचे, मगच अंथरुणावर पाठ टेकायचे.

मी निघालो. चपला घालताना मागं वळून पाहिलं, तर शांताबाई घागरीपाशी वाकल्या होत्या. त्यांनी एक ताटली उचलली, आत बघितलं... आणि आवाज न करता परत झाकली.