थंडीत सरकणारी फुली

तीच साईट तिसऱ्यांदा परत आली होती. खोक्यावर आमच्याच सर्व्हिस डिपार्टमेंटची दोन जुनी स्टिकरं होती आणि दोन्हींवर एकच वाक्य: नो फॉल्ट फाउंड. या वेळी आत, बबल रॅपखाली, हाताने लिहिलेली एक चिठ्ठी होती.

‘गेल्या मंगळवारी सकाळी माझ्या हातून एक हरणी जखमी झाली. तिला गाठायला मला चार तास डोंगरात चालावं लागलं. एकवीस वर्षांच्या नोकरीत असं झालं नव्हतं. कृपया ही साईट पुन्हा तपासून परत पाठवू नका. आधी मला फोन करा.’

खाली डग्लस असं नाव आणि नंबर. मी चिठ्ठी उभ्यानेच वाचली आणि मग खुर्चीत बसले. जानेवारी चालू होता. माझ्या इनबॉक्समध्ये त्या दिवसाची चौसष्ट मेल्स न वाचलेली होती.

मी इंग्लंडमध्ये, लेस्टरजवळच्या एका ऑप्टिक्स कंपनीत क्वालिटी मॅनेजर आहे. मराठी मंडळात कोणी विचारलं तर ‘आम्ही लेन्स बनवतो’ एवढंच सांगते. खोटं नाही ते. त्या लेन्स कशावर बसवतात, ते मात्र गाळते.

साईट म्हणजे बंदुकीवर बसवायची दुर्बीण. आमची थर्मल असते. तिला उजेड लागत नाही, उष्णता दिसते. धुक्यात किंवा अंधारात उभं असलेलं जनावर तिच्यात पांढरं चमकतं. मधोमध एक बारीक फुली असते. फुली जिथे, गोळी तिथे, असं जुळवून घेण्याला ‘झिरो करणं’ म्हणतात. एकदा केलेला झिरो हलता कामा नये. आमच्या धंद्यातली सगळी अब्रू या एका गोष्टीवर आहे.

मी लागले तेव्हा आमचं गिऱ्हाईक एकच होतं: सैन्याला रायफली पुरवणारी एक कंपनी. महिन्याला थोडे नग, भरपूर कागद. मग युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या आणि डिफेन्सच्या ऑर्डरी फुगल्या. त्याच सुमाराला आतले सेन्सर स्वस्त झाले आणि साधी माणसंही साईट मागायला लागली. कोल्ह्यांमुळे कोकरं गमावणारे शेतकरी आले, हरणांची संख्या आटोक्यात ठेवणारे आले. काही जणांना तर नुसती घुबडं बघायची होती, त्यांच्यासाठी आम्ही बिनफुलीचं मॉडेल काढलं. बिल्डिंग तीच राहिली, माणसं जवळपास तेवढीच. शिफ्ट दोनच्या तीन झाल्या.

मी डग्लसला फोन लावला. स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या इस्टेटीवर तो हरणांचं काम बघतो. तिकडे हरणांना खाणारं जनावर उरलेलं नाही, त्यामुळे दर हिवाळ्यात ठरावीक हरणी माराव्या लागतात, नाहीतर कोवळं रान टिकत नाही. हौस नव्हे, नोकरी.

“साईट पडली होती का? कुठे आपटली?” मी विचारलं. हा प्रश्न फॉर्मवर पहिला असतो.

“तुमच्या माणसाने हे दोनदा विचारलंय,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. “ऐका. पहाटे मी वर असतो तेव्हा गोळी डावीकडे खाली जाते. चार बोटं तरी. दुपारी खाली येतो, कागदावर मारून बघतो, तर बरोबर मधोमध. मला वाटलं, माझे डोळे गेले. मी डोळेही तपासून आलो.”

“पहाटे वर थंडी किती असते?”

“उणे आठ, उणे दहा. आणि खाली गाडीत हीटर.”

मी पेन खाली ठेवलं. नो फॉल्ट फाउंड का येत होतं ते मला त्या क्षणी कळलं, आणि ते कळणं मुळीच सुखाचं नव्हतं.

आमची टेस्ट अशी होती: साईट कोल्ड चेंबरमध्ये ठेवायची. चेंबर म्हणजे मोठा फ्रीजच, उणे वीसपर्यंत जाणारा. मग बाहेर काढायची. बाहेर काढल्याबरोबर लेन्सवर दव धरतं आणि काही दिसत नाही, म्हणून तासभर थांबायचं. साईट खोलीच्या तापमानाला आली की झिरो मोजायचा. चेंबरला खिडकी आहे, पण काचेतून थर्मलला दिसत नाही. माणसाला पारदर्शक ते तिला भिंत. थोडक्यात, थंडीने साईट बिघडली का हे आम्ही ती गरम झाल्यावर विचारत होतो.

चेंबरला वेगळी खिडकी मागवायची तर तीन महिने. त्यामुळे मी जवळचा मार्ग धरला. त्या आठवड्यात लेस्टरलाही कडक दंव पडत होतं. संध्याकाळी घरी निघताना कार पार्कच्या टोकाला, सायकली ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका लोखंडी खांबाला डग्लसची साईट घट्ट आवळली आणि शेडला कुलूप लावलं. सकाळी सात वाजता आले. समोरच्या कुंपणावर, साठ मीटरवर, हात गरम ठेवायची एक पुडी टांगली. थर्मलमध्ये ती छान पांढरी दिसते. फुली पुडीवर आणून साईट आहे तशी ठेवली आणि कोटाच्या खिशात हात घालून उभी राहिले.

नऊ वाजता शेडवर ऊन आलं. मी साईटला एक छोटा हीटर लावला. दहाला बघितलं तर फुली पुडीवर नव्हती. खाली, डावीकडे सरकली होती. खांबाला कोणी हात लावला नव्हता. डग्लस फुली दुपारच्या उबेत जुळवायचा आणि वर नेऊन थंडीत चालवायचा, तेव्हा ती उलटी, वर उजवीकडे सरकायची आणि गोळी फुलीच्या खाली डावीकडे पडायची.

दुसऱ्या दिवशी स्टोअरमधल्या चार नव्या साईट लावल्या. तीन सरकल्या.

असेंब्लीत लेन्स चिकटवण्याचं काम हंसाबेन बघतात. वय साठीच्या आसपास, लेस्टरच्या गुजराती वस्तीत, बेलग्रेव्ह रोडजवळ राहतात, आणि त्यांच्या हाताइतका स्थिर हात आमच्याकडे दुसरा नाही. आमचं बोलणं हिंदी-गुजरातीच्या खिचडीत चालतं. मी सुटी केलेली साईट त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी लाकडी काडीने लेन्सच्या कडेचा ग्लू दाबला.

“कच्चा आहे,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे कच्चा. पूर्वी रात्रभर ओव्हनमध्ये राहायचा. आता चार तासांत काढतात, पुढच्या शिफ्टला ट्रे लागतात म्हणून. खोलीत घट्ट वाटतो. थंडीत आखडतो तेव्हा लेन्सला ओढतो.”

“तुम्ही कोणाला सांगितलं नाही?”

“सांगितलं ना. सुपरवायझर म्हणाला, पेपर आहे, क्वालिटीची सही आहे.” त्या माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी नजर काढून घेतली, आणि ते मला जास्त लागलं.

मी पेपर काढला. चेंज नोट, म्हणजे काम करायची पद्धत बदलल्याचा कागद. ‘क्युअरिंगचा वेळ सोळा तासांवरून चार तास.’ जोडलेले टेस्टचे आकडे सगळे पास होते. खाली माझी सही. आठ महिन्यांपूर्वीची. त्या दिवशी मी अशा अकरा कागदांवर सह्या केल्या होत्या. हा त्यातला सातवा. वाचल्याचं मला आठवत नाही. वाचला असेल. वाचला असता तरी त्याच टेस्टवर विश्वास ठेवून सही केली असती, हे स्वतःला सांगून बघितलं. फारसा फरक पडला नाही.

मार्टिन आमचा ऑपरेशन्स डायरेक्टर. वाईट माणूस नाही. त्याच्यावरही वरून दाब असतो. शुक्रवारी डिफेन्सची दोनशे चाळीस साईटची बॅच जायची होती. सर्टिफिकेटवर माझी सही बाकी होती.

“तीन साईट सरकल्या. पाचातल्या,” तो म्हणाला.

“डग्लसची धरून चार.”

“कार पार्कमध्ये. पुडी टांगून. माधवी, ही काही व्हॅलिडेटेड टेस्ट नाही.”

“नाही. आपली व्हॅलिडेटेड टेस्ट चुकीची आहे.”

तो खिडकीपाशी गेला. “सिव्हिलियन लॉट थांबवू. डिफेन्सचा जाऊ दे. पेपरप्रमाणे तो पास आहे. पुढच्या बॅचपासून सोळा तास करू.”

“ग्लू एकच आहे, ओव्हन एकच आहे, हंसाबेनही एकच आहेत.”

“आणि चेंज नोटवर सही कोणाची आहे?”

“माझी,” मी म्हणाले. “म्हणूनच दुसरी करत नाही.”

मला वाटलं होतं की हे वाक्य म्हटल्यावर बरं वाटेल. तसं काही झालं नाही. पाय दुखत होते आणि घरी जावंसं वाटत होतं.

गिऱ्हाईक कंपनीची क्वालिटी इन्स्पेक्टर फिओना म्हणून आहे. तिला मीच फोन केला. मार्टिन शेजारी बसला होता. येऊन बसला, एवढं श्रेय त्याला देते. मी सगळं सांगितलं. टेस्टची चूक, ग्लू, माझी सही. पलीकडे बराच वेळ टायपिंगचा आवाज येत राहिला.

“आधीच्या किती बॅचेस?” तिने विचारलं.

“सहा. आम्ही पाठवलेल्या.”

“त्यातल्या दोन थंड प्रदेशात ट्रेनिंगला जाणार आहेत,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यात. बरं, लेखी पाठव. आजच.” फोन ठेवला. शाबासकी नाही, आरडाओरडा नाही. मार्टिन खुर्चीतून उठत म्हणाला, “मी तुला चहा आणतो.” नऊ वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवारची बॅच थांबली आणि आधीच्या सगळ्या बॅचेस परत आल्या. लेन्स काढून पुन्हा बसवायला उन्हाळा उजाडला. हंसाबेनना दोन हाताखालची माणसं मिळाली आणि ट्रेची जास्तीची रॅक मिळाली. चेंबरला उष्णता आरपार जाऊ देणारी खिडकी बसली. मला लेखी वॉर्निंग मिळाली, चेंज नोट नीट न तपासल्याबद्दल. ती बरोबर होती. एचआरच्या मुलीलाच देताना अवघडल्यासारखं झालं. मी सही करून कॉपी घेतली, या वेळी वाचून. त्या वर्षी असिस्टंट डायरेक्टरची जागा निघाली, तिच्यासाठी मला कोणी विचारलं नाही.

डग्लसला आम्ही नवी साईट पाठवली. त्याने आभार मानले आणि न उघडता परत केली. आता तो साधी काचेची दुर्बीण वापरतो, उजाडेपर्यंत थांबतो. मी त्याला म्हटलं, ही चांगली आहे, मी स्वतः तपासली आहे. तो म्हणाला, “असेल. पण मला आता फुलीकडे बघून शंका येते, आणि शंका घेऊन ट्रिगर ओढता येत नाही.” मी त्याच्या तक्रारीच्या फाइलवर क्लोज्ड लिहिलं.

बाजार अजून वाढतोच आहे. या वर्षी शनिवार-रविवारचीही एक शिफ्ट सुरू करायचं घाटतंय. परवाच्या मीटिंगमध्ये एका नव्या मॅनेजरने विचारलं, सोळा तासांचे बारा करता येतील का. मी म्हटलं, ऑर्डर दुप्पट झाली म्हणून ग्लू दुप्पट वेगाने सुकत नाही. त्याने ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या मीटिंगला तो पुन्हा विचारेल.